उपाशी हुंकार

१

दुपारचा क्रम ठरलेला होता. बारा वाजता तात्यासाहेबांना भरवायचं, तोंड पुसायचं, खुर्ची कूलरच्या थेट वाऱ्यातून जरा बाजूला सरकवायची आणि एकच्या ठोक्याला रिमोटचं लाल बटण दाबायचं. सरूबाईंना त्या रिमोटमधलं तेवढं एकच बटण कळत होतं. ते दाबलं की काल जिथं थांबली तिथून मालिका पुढं चालू होते, असं मुलानं, ऋतुराजनं, सांगून ठेवलं होतं.

मालिका रशियातली, बोलणी हिंदीत घातलेली. पहिला भाग तात्यासाहेबांनी धडधाकट असताना पाहिला होता. कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर तोफा आणि बर्फ बघत बसायचा, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडायचा, "सरू, ये गं, बघ तरी, लई मारतेत!" मग दिवाळीनंतर एका सकाळी त्यांचं उजवं अंग गेलं. अंगात हळूहळू थोडी हालचाल आली. वाचा मात्र गेली ती गेलीच.

दुसरा भाग ऋतुराजनं लावून दिला तो त्यांना तेवढंच बरं वाटावं म्हणून. यात लढाई संपलेली होती. स्टॅलिनचं राज्य. शत्रूच्या कैदेतून सुटून नवरा घरी येतो, आणि चार दिवसांत आपलीच माणसं त्याला काळ्या मोटारीत घालून नेतात. जिवंत कसा सापडलास, हाच त्याचा गुन्हा. मागं राहते त्याची बायको, वेरा. एका लांबच लांब बोळाच्या टोकाला तिची खोली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, काळ्या पावाचा तुकडा. तिच्या समोरची खुर्ची रिकामी. ती त्या खुर्चीकडं बघत बसलेली असायची. रोज.

"अगं बाई, ऊठ की आता," सरूबाई वाती वळता वळता म्हणायच्या. "असं बसून का माणूस येतंय व्हय?"

आणि मग आपल्याच बोलण्याचा त्यांना राग यायचा. त्या तरी दुसरं काय करत होत्या?

२

सरूबाई हातावर हात धरून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. डॉक्टर झाले, औषधं झाली, स्पीच थेरपीच्या मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या आणि "काका, आ म्हणा, आ," म्हणून स्वतःच घसा कोरडा करून जायच्या. तेव्हा सरूबाईंना करमाडच्या साळूबाईंचा वसा आठवला. साळूबाई म्हणजे तात्यासाहेबांची आत्या. तिनं मरणाआधी हा वसा सरूबाईंच्या पदरात घातला होता. कुठल्या पोथीत तो नव्हता. तोंडातून कानात, एवढाच त्याचा प्रवास.

नऊ गुरुवार. सकाळपासून पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही. दुपारी मूठभर शाळू ज्वारी हातात घेऊन कहाणी सांगायची. ऐकणारं माणूस उपाशी हवं. त्यानं हुंकार द्यायला हवा, कारण हुंकाराविना कहाणी म्हणजे वाऱ्यावर उडालेला भुसा. आणि शेवटी मुठीतला अर्धा शाळू ऐकणाऱ्याला देऊन म्हणायचं : अर्धं फळ माझं, अर्धं तुझं.

उपाशी माणूस कुठून आणायचं? पण देवाला काळजी. रोजे चालू होते, आणि शेजारच्या फहमिदाभाभी सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा घेत नव्हत्या. दोघींच्या गच्च्यांमध्ये एक कमरेएवढी भिंत, आणि तीस वर्षांचं येणं-जाणं.

"माझा उपास चालंल का तुमच्या देवाला?" फहमिदाभाभींनी हसून विचारलं.

"भूक ती भूक. तिला काय जात असती?"

चार गुरुवार फहमिदाभाभी येऊन बसल्या. डोक्यावर ओढणी घेऊन, डोळे मिटून, वाक्यागणिक "हूं... हूं..." कहाणीही मोठी नव्हती. एका कोष्ट्याची वाचा नदीनं नेली. त्याची बायको मूठभर शाळू घेऊन दारोदार फिरली, पण सगळं गाव जेवलेलं. शेवटी शिवेबाहेर एक बाई उपाशी बसलेली भेटली. तिनं ऐकलं, हुंकार दिला, अर्धा वाटा घेतला. कोष्टी बोलायला लागला.

"और वो औरत? तिचं काय झालं?" फहमिदाभाभींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ते कहाणीत नाय. मीबी विचारलं होतं आत्याबाईंना. म्हणाल्या, ते विचारायचं नसतं."

"बरं. माझ्या वाट्याचं फळ तुम्हालाच ठेवा, भाभी. आमचे फारूखमियां वैसेच इतना बोलते, के अल्ला तौबा!"

दोघी इतक्या हसल्या, की तात्यासाहेबांनीसुद्धा मान वळवून पाहिलं.

मग ईद झाली. फहमिदाभाभींनी शीरखुर्म्याचा डबा भिंतीवरून दिला आणि लेकीच्या, जन्नतच्या, बाळंतपणाला फर्दापूरला निघून गेल्या.

३

पाचव्या गुरुवारी सरूबाईंनी अख्खी गल्ली पालथी घातली. पलीकडचे नानासाहेब पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन बसलेले. कोपऱ्यावरच्या घरात इडल्या. आठ दिवसांनी नळाला पाणी आलेलं, त्यामुळं बायका पाइपांच्या मागं पळत होत्या. "सरूमावशी, उपास कसला, मरायला सवड नाय!"

शेवटी घरात येऊन त्यांनी सुनेला, दीपमालाला, विचारलं. ती आतल्या खोलीत कानाला यंत्र लावून ऑफिसचं काम करत होती.

"दीपा, तू काहीतरी ते सोळा तास न खाण्याचं करतीस ना गं?"

"हो आई. आत्ता तेच चालूय."

"काही म्हणता काही नाय ना पोटात?"

"नुसतं लिंबूपाणी घेतलं. मीठ-साखर घालून."

सरूबाईंचा चेहरा पडला. "मग तोंड उष्टं झालं की गं."

"आई, लिंबूपाण्यानं कुठं—" आणि तिनं यंत्राला सांगितलं, "येस येस, आय ॲम देअर," आणि बोट वर करून सासूला थांबवलं. ते बोट बराच वेळ वरच राहिलं.

सरूबाई बाहेर आल्या. दोन वाजून गेलेले. पोटात आग, पायात गोळे, मुठीत घामानं ओला झालेला शाळू. चार गुरुवार पाण्यात जाणार, या विचारानं डोळ्यांत पाणी येण्याऐवजी रागच आला. जगात इतकी भूक आहे म्हणतात, आणि एका बाईला अर्धा तास उपाशी माणूस मिळू नये?

टीव्ही बंद केला की तात्यासाहेब डाव्या हातानं खुर्ची बडवायचे, म्हणून सरूबाईंनी ऋतुराजकडून आवाज घालवायचं बटण तेवढं विचारून घेतलं होतं. ते त्यांनी दाबलं. पडद्यावर वेरा बसली होती. पावाचा तुकडा तिनं आजही खाल्ला नव्हता. तो ती येणाऱ्यासाठी राखत होती.

"तू तरी उपाशी हायेस ना, माय?" सरूबाई वैतागून म्हणाल्या. "मग ऐक. दुसरं कुणी नाय मला."

त्या टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या आणि कहाणी सांगायला लागल्या. पहिलं वाक्य संपलं.

"हूं," असं कुणीतरी म्हणालं.

४

कूलर असेल. कूलरच्या पंख्याला काही दिवसांपासून तशी घरघर होतीच. किंवा दीपमाला आत कुणाला तरी होकार देत असेल. सरूबाईंनी स्वतःला चार कारणं दिली. आणि पाचवं कारण मनात आलं, तेव्हा त्या ताडकन उठून तात्यासाहेबांच्या पायाशी बसल्या.

"अहो, तुम्ही दिला का हुंकार? तुम्हीच ना?"

तात्यासाहेब पडद्याकडं बघत होते.

संध्याकाळी त्यांनी ऋतुराजला सांगितलं. तो शेंद्र्याच्या कंपनीतून दमून आलेला. "आई, बाबांनी आवाज काढला असेल तर चांगलंच आहे. मॅडमना सांग." मॅडमनी दुसऱ्या दिवशी तासभर प्रयत्न केला. आ नाही, ऊ नाही. "होतं असं काकू, घरच्यांना आशेनं ऐकू येतं," त्या चपला घालताना म्हणाल्या. बोलल्या गोडच, पण सरूबाईंना ते दिवसभर टोचत राहिलं.

आशा असणाऱ्याला ऐकू येत असेल, तर ज्यांना आशाच नाही त्यांना कमी ऐकू येत नसेल कशावरून?

सहाव्या गुरुवारी त्या मुकाट्यानं टीव्हीसमोरच बसल्या. आवाज घालवलेला. हुंकार आला. दर वाक्याला आला, आणि फहमिदाभाभींसारखा उडता नाही, तर जरा खोल, थंडीनं घसा बसलेल्या बाईसारखा. कहाणी संपल्यावर अर्धा शाळू कुणाच्या हातात द्यायचा हे न सुचून त्यांनी तो एका वाटीत घालून टीव्हीच्या फळीवर ठेवला. अर्धं फळ माझं, अर्धं तुझं.

शुक्रवारी भरवणं झालं, लाल बटण दाबलं. वेरा टेबलाशी होती. पावाच्या तुकड्याशेजारी काहीतरी पांढरं दिसत होतं. सरूबाईंनी चष्मा लावला, जवळ गेल्या. छोटासा ढीग. मोत्यासारखे टपोरे दाणे, प्रत्येकाच्या टोकाला काळा ठिपका.

त्यांच्याही देशात काहीतरी पिकत असेलच की, त्या स्वतःशी म्हणाल्या. गहू असेल. जव असेल. त्यांनी फळीवरच्या वाटीत बोट घालून पाहिलं. शाळू होता तेवढाच होता. पण बोटाला लागला तो बर्फासारखा गार, आणि बाहेर तर वैशाखातलं ऊन रणरणत होतं.

कूलरचा वारा, त्या म्हणाल्या. कूलरच आहे.

५

फहमिदाभाभींचा फोन आला तो बातमी द्यायला. जन्नतला मुलगी झाली होती. नाकीडोळी कशी, रडते कशी, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "भाईसाहेब कैसे? आणि भाभी, अजून टीव्हीवर काय लावता तुम्ही त्यांना?"

"तीच की रशियातली. ती बाई काही उठंना बघा टेबलावरून. लई वैताग आणलाय."



"कौनसी बाई? वेरा? भाभी, वो तो कबकी खतम हुई. ईदच्या आधी मी नि आमच्या धाकट्या आमरीननं बघितली ना सगळी. आठच एपिसोड हैत."

"मग आमच्याकडं?"

"शेवटचा एपिसोड परत परत लागत असंल. पण ती टेबलाशी बसती ते तर... दोन मिनिटं दाखवतेत. मग बत्ती जाती, खतम. नवरा येत नाय. आमरीन किती रडली."

सरूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वादोन. एक वाजल्यापासून वेरा बसलेली होती. आज तिनं डोक्याला रुमाल बांधला होता. नाही, बांधला नव्हता. डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता, कहाणी ऐकायला बायका पदर ओढून घेतात तसा.

"भाभी? सुनतेत ना?"

"हूं," सरूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला.

ऋतुराजला विचारलं, तर तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "अडकली असेल आई. नेट स्लो आहे. चित्र तिथंच थांबतं." थांबलेलं चित्र श्वास घेतं का रे, असं त्यांना विचारायचं होतं. पण दीपमाला हसली असती. वाईट मनानं नाही, सहजच. आणि ते हसू झेलायची ताकद सरूबाईंत त्या दिवशी नव्हती.

६

सातव्या गुरुवारी त्यांनी हुंकार ऐकला आणि विचार केला नाही.

आठव्या गुरुवारी मात्र त्या टीव्हीकडं पाठ करून, तात्यासाहेबांच्या समोर बसल्या. कहाणी सांगायची ती त्यांच्या ओठांकडं बघत. हुंकार यांचाच असेल तर ओठ नाही तर कंठमणी तरी हलेल. देवा, हलू दे. एवढंच मागते.

"शिवेबाहेर एक बाई उपाशी बसली होती."

"हूं."

ओठ हलले नाहीत. मणी हलला नाही. तात्यासाहेबांचे डोळे तेवढे त्यांच्या खांद्यावरून मागं गेले, कुणी जवळ आलं की जातात तसे.

सरूबाईंच्या मानेवर गार वारा आला. समोर भिंतीवरच्या कूलरच्या बटणाचा दिवा विझलेला होता. वीज गेली होती. मागं टीव्हीसुद्धा बंदच झालेला असणार.

कहाणी अर्ध्यावर सोडायची नसते. त्यांनी ती पुरी केली. वाक्यागणिक हुंकार आला. मागं न बघता, हात उलटा करून, त्यांनी शाळूचा वाटा वाटीत टाकला. दाणे वाटीत पडल्याचा आवाज आला नाही.

आता एकच गुरुवार उरला होता. तो आठवडा सरूबाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. वसा टाकावा, तर पुन्हा कधी घेता येत नाही आणि यांची वाचा कायमची गेली. पुरा करावा, तर अर्ध्या वाट्याला कुणीतरी बसलंय, आणि तिला काय हवंय ते तर पहिल्या दिवसापासून उघड होतं. त्यांनी देवासमोर किती वेळा हात जोडले. "तिचंबी चांगलं कर की रे, पण आमचं आम्हाला राहू दे." दोन बायकांची गाऱ्हाणी एकाच देव्हाऱ्यात मांडली, आणि देव नेहमीसारखा गप्प बसला. घरात एक मुका माणूस काय कमी होता!

७

नवव्या गुरुवारी कहाणी संपली. अर्धं फळ माझं, असं म्हणून त्या थांबल्या. पुढचे दोन शब्द उरले होते. मग त्यांनी तात्यासाहेबांचा लुळा हात पाहिला, आणि तेही म्हणून टाकले.

शुक्रवारी सकाळी त्या फुलं काढत होत्या, तर आतून आवाज आला.

"सरू, च्या."

फुलं तिथंच राहिली. ऋतुराज दाढीचा फेस तसाच घेऊन धावला, दीपमालानं कानातलं यंत्र काढून फेकलं. तात्यासाहेब सगळ्यांकडं बघत होते, आपल्याच आवाजात, जरा अडखळत, म्हणत होते, "काय झालं? कुणी मेलं का?" दीपमाला सासूच्या गळ्यात पडून रडली. गल्लीत पेढे वाटले. स्पीच थेरपीच्या मॅडमनी दोन पेढे खाल्ले, आणि असं होतं कधीकधी म्हणाल्या.

दुपारपर्यंत तात्यासाहेब बोलत होते. एक वाजला, तसे ते शब्दाच्या मध्येच थांबले. मान टीव्हीकडं वळली.

त्या दिवसापासून तसंच. सकाळ सरूबाईंची, आणि एकनंतर ते कुणाचेच नाहीत. टीव्ही लावला नाही, तर दुसरी सकाळसुद्धा मुकी जायची. दोनदा तसं करून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तात्यासाहेबांनी सकाळभर पाणावल्या डोळ्यांनी दाराकडं पाहिलं. शेवटी सरूबाईंनी हार मानून लाल बटण दाबलं.

वेराच्या समोरची खुर्ची आता रिकामी नव्हती. तिच्या पाठीवर एक पुरुषी कोट टांगलेला होता. पुढच्या आठवड्यात कोटात खांदे आले. मग मान. आपल्याकडं पाठ करून कुणीतरी बसलेलं. उजवा खांदा जरा खाली कललेला.

अर्धं तर अर्धं, सरूबाई स्वतःला समजावत. सकाळ तरी आपली आहे. लोकांना तेवढंही मिळत नाही.

८

एकादशी होती. सरूबाईंना सकाळपासून निरंकार उपास, आणि तात्यासाहेबांचा चहा तसाच गार झाला नि जेवणही त्या दिवशी लांबलं, कारण ते बोलत होते. त्यांना जुनी कंपनी आठवली, बजाजनगरची पहिली खोली आठवली, सरूबाई नव्या लग्नाच्या तिथं रॉकेलच्या स्टोव्हला घाबरायच्या ते आठवलं. दोघं इतकी हसली, की घड्याळाकडं लक्ष गेलं नाही. ताट वाढून आणलं तोवर एक वाजला होता. पहिला घास तोंडापर्यंत नेला, आणि तात्यासाहेबांचे ओठ मिटले.

"अहो, एक तरी घास. तुमच्याच आवडीची भाकरी हाय."

टीव्ही लावलेला होता, आवाज घालवलेला. सरूबाईंनी सहज वर पाहिलं.

वेरा टेबलाशी नव्हती. ती जमिनीवर बसली होती, मांडी घालून, त्यांच्याकडं तोंड करून. मांडी तिला नीट जमत नव्हती, बघून बघून शिकल्यासारखी. डोक्यावर रुमाल पुढं ओढलेला. उजव्या हाताची मूठ मिटलेली, आणि मुठीच्या फटीतून एक टपोरा दाणा डोकावत होता.

तिचे ओठ हलायला लागले.

शब्द ऐकू येत नव्हते. पण सरूबाईंना ती चाल पाठ होती. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, कुठं मान हलवायची. पहिलं वाक्य संपलं, आणि वेरा थांबली. वाट बघत. सरूबाईंच्या छातीतून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, हुंकार वर यायला लागला. कुणी कहाणी सांगत असताना गप्प बसायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यांनी दात आवळले. आपण उपाशी आहोत. हिला उपाशी माणूसच हवंय.

पडद्यावर वेरा पुन्हा पहिल्या वाक्यापासून सांगू लागली. शांतपणे. तिला घाई नव्हती, ती किती वर्षं बसली होती.

सरूबाईंनी ताटाकडं पाहिलं. आयुष्यात एक एकादशी त्यांनी मोडली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही. "माफ कर रे," त्या म्हणाल्या, आणि तात्यासाहेबांसाठी उचललेला भाकरीचा घास त्यांनी स्वतःच्या तोंडात कोंबला. कोरडा, घशाला चिकटणारा. तो त्यांनी चावला, गिळला, आणि तोंड उघडून पडद्याला दाखवलं. "बघ. उष्टं झालं. मी नाय आता उपाशी. मी नाय ऐकणार तुझी."

वेराचं पहिलं वाक्य पुन्हा संपलं. ती थांबली. पण तिचे डोळे सरूबाईंकडं नव्हते. ते त्यांच्या खांद्यावरून मागं गेले होते. टेबलाशी पाठ करून बसलेला माणूस हळूहळू मान वळवू लागला होता.

तेव्हा कुठं सरूबाईंच्या ध्यानात आलं, की आपण खाल्ला तो घास कुणाचा होता, आणि आता घरात उपाशी कोण राहिलं होतं.

"अहो, नका," त्या वळता वळता म्हणाल्या.

मागून, खुर्चीतून, अगदी त्यांच्या ओळखीच्या, सकाळी हसून हसून बसलेल्या आवाजात उत्तर आलं.

"हूं."